जपणारे आणि मिरवणारे

अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट १५ मार्च १९३७ रोजी वारला तेव्हा त्याच्या नावावर पुस्तक म्हणावं असं जेमतेम एक होतं. पेनसिल्व्हेनियातल्या एका हौशी प्रकाशकाने आदल्या वर्षी काढलेली ‘द शॅडो ओव्हर इन्समथ’ ही दीर्घकथा. चारशे प्रती छापल्या, दोनशेच्या आसपास बांधल्या, बाकीचे फर्मे तसेच पडून राहिले. मुद्रणदोष इतके की शुद्धिपत्र जोडावं लागलं. उरलेलं सगळं लेखन ‘वीअर्ड टेल्स’सारख्या मासिकांत विखुरलेलं, दोन-चार वर्षांत पिवळा पडून तुकडे व्हावेत अशा कागदावर. माणूस ४६ वर्षांचा, पोट भरायचं ते मुख्यतः इतरांच्या कथा दुरुस्त करून. पुढे १९४५ मध्ये एडमंड विल्सनसारख्या वजनदार समीक्षकाने ‘न्यूयॉर्कर’मधून त्याची पार रेवडी उडवली. आणि २००५ मध्ये हाच लेखक ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’ या अभिजात अमेरिकी साहित्याच्या मालेत जाऊन बसला.

हे कुठल्या विद्यापीठाने केलं नाही, मोठ्या प्रकाशकाने तर नाहीच. चाहत्यांनी केलं. म्हणूनच दिवंगत लेखकाचे चाहते नेमकं काय करतात, याचा विचार करायला लव्हक्राफ्टसारखं दुसरं उदाहरण नाही. आपण ‘चाहते’ म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या वृत्ती एकाच पोत्यात भरतो. लेखकाचं जे जे असेल ते जपून ठेवणारे वेगळे, लेखकाला मिरवणारे वेगळे. जपणाऱ्याला सगळंच हवं असतं, मिरवणाऱ्याला निवडावं लागतं. पुष्कळदा दोन्ही वृत्ती एकाच माणसात नांदतात, आणि कधी ना कधी त्यांचं आपसात वाजतं.

पहिला जपणारा एक शाळकरी मुलगा होता. रॉबर्ट बार्लोने लव्हक्राफ्टला पहिलं पत्र धाडलं १९३१ मध्ये, तेराव्या वर्षी. फ्लोरिडातल्या डेलँडजवळ राहणारा, अधू डोळ्यांचा, एकलकोंडा. पत्रांतून त्याने आपलं वय कळू दिलं नव्हतं. १९३४च्या मे महिन्यात लव्हक्राफ्ट त्याच्याकडे पाहुणा म्हणून गेला तेव्हा आपल्याला बोलावणारा गृहस्थ सोळाही पूर्ण नसलेला पोरगा आहे हे त्याला समजलं. तरी तो सात आठवडे तिथे राहिला. बार्लोचा लेखकाशी चाललेला व्यवहार सरळ होता: तुमची कथा मी टाइप करून देतो, मूळ कागद मला द्या. लव्हक्राफ्टला टायपिंगचा मनस्वी कंटाळा, आणि एकदा टाइप झालं की हस्तलिखित त्याच्या लेखी रद्दी. लिहायचाही तो अनेकदा आलेल्या पत्रांच्या पाठकोऱ्या कागदांवर, पेन्सिलीने, खाडाखोड करत. ते कागद आज शिल्लक आहेत ते या मुलाच्या हव्यासामुळे. पुस्तकं-मासिकं ठेवायच्या आपल्या कपाटालाही त्याने एका भयकथेतलं नाव दिलं होतं. त्या वयाला शोभणारंच ते.

मरण्यापूर्वी लव्हक्राफ्टने लिहून ठेवलं होतं की आपल्या कागदपत्रांची व्यवस्था बार्लोने पाहावी. तो तेव्हा अठरा वर्षांचा. बातमी कळताच तो बसने लव्हक्राफ्टच्या गावी, प्रॉव्हिडन्सला आला, लेखकाच्या मावशीच्या संमतीने कागद एकत्र केले आणि टप्प्याटप्प्याने ते तिथल्याच ब्राउन विद्यापीठाच्या जॉन हे ग्रंथालयाला दिले. ज्याच्या हाती हा ठेवा होता त्याने तो घरात ठेवला नाही, विकला नाही, ग्रंथालयात नेऊन दिला. संग्राहकाच्या स्वभावाला हे किती न मानवणारं आहे, हे ज्याने आयुष्यात कधी काही जमवलंय त्यालाच कळेल.

याचं त्याला मिळालेलं फळ विलक्षण होतं. लव्हक्राफ्टच्या लेखक-मित्रांच्या वर्तुळातल्या डोनाल्ड वँड्रेने या पोराने कागद लांबवले असा बोभाटा केला, आणि त्यावर विश्वास ठेवून बार्लोच्या दैवतांपैकी एक, कवी-कथाकार क्लार्क ॲश्टन स्मिथ, याने त्याच्याशी संबंध तोडल्याचं चार ओळींचं पत्र पाठवलं. बार्लो त्या वर्तुळातून बाहेर फेकला गेला. पुढे तो मेक्सिकोत गेला, नाहुआत्ल भाषेचा आणि प्राचीन मेक्सिकोचा मोठा अभ्यासक झाला आणि १९५१च्या जानेवारीत, ३२व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. ‘द शॅडो आउट ऑफ टाइम’ या कथेचं हस्तलिखित तेवढं हरवलेलं मानलं जात होतं. ते १९९५ मध्ये ग्रंथालयाकडे आलं. मेक्सिकोत बार्लोकडे शिकलेल्या एका विद्यार्थिनीने ते मरेपर्यंत सांभाळलं होतं.

वँड्रे आणि ऑगस्ट डर्लेथ यांना मात्र इतिहासाने डोक्यावर घेतलं, आणि तेही अगदी गैर नाही. डर्लेथ विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटीचा. लव्हक्राफ्टशी त्याचा अकरा वर्षं पत्रव्यवहार होता, भेट एकदाही नाही. मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत त्याने कथांचा संग्रह जमवला. दोन मोठ्या प्रकाशकांनी तो नाकारला, तेव्हा त्याने आणि वँड्रेने १९३९ मध्ये स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली आणि लव्हक्राफ्टच्या काल्पनिक गावावरून तिचं नाव ठेवलं ‘आर्कम हाउस’. डर्लेथने त्यासाठी घराच्या बांधकामाला काढलेल्या कर्जातला पैसा वळवला. ‘द आउटसायडर अँड अदर्स’च्या १,२६८ प्रती काढल्या, किंमत पाच डॉलर. मंदीतून सावरणाऱ्या देशात भयकथांच्या पुस्तकाला ती भारीच होती. आगाऊ मागणी आली दीडशेच्या घरात. आवृत्ती खपायला चार वर्षं लागली. आज तीच प्रत हजारो डॉलरला जाते, आणि ती घेणारे ती वाचत असतील असं मला वाटत नाही.

डर्लेथने आणखी एक काम केलं, ज्याचं मोल पुस्तकाहून जास्त आहे. लव्हक्राफ्टने आयुष्यात लिहिलेल्या पत्रांचा अंदाज साठ हजारांपासून एक लाखापर्यंत बांधला जातो. ज्याला ज्याला त्याची पत्रं आली असतील त्याच्याकडून ती मागवून डर्लेथ-वँड्रेंनी त्यांच्या टाइप केलेल्या प्रती तयार करवल्या. कित्येक मूळ पत्रं पुढे नाहीशी झाली, त्यामुळे त्या प्रतींखेरीज आज दुसरा आधार नाही. निवडक पत्रांचे पाच खंड १९६५ ते १९७६ या काळात निघाले.

इथवर सगळं जपणं. पण डर्लेथचं तेवढ्यावर भागेना. लव्हक्राफ्टच्या वहीत सापडलेल्या एखाद-दोन ओळींच्या कल्पनांवरून त्याने स्वतः कथा लिहिल्या आणि त्या ‘लव्हक्राफ्ट व डर्लेथ’ अशा जोडनावाने छापल्या. ‘द लर्कर ॲट द थ्रेशोल्ड’ ही १९४५ची कादंबरी पन्नासेक हजार शब्दांची आहे. त्यात लव्हक्राफ्टचे शब्द बाराशेच्या आसपास. मुखपृष्ठावर मात्र पहिलं नाव त्याचंच. इतर कोणी त्या कल्पनाविश्वात लिहू लागला की डर्लेथ हक्क सांगून त्याला गप्प करू पाही, जरी त्याच्याकडचे हक्क पुरते नि:संदिग्ध कधीच नव्हते.

त्याहून मोठा घोळ अर्थाचा. लव्हक्राफ्टच्या कथांमधली भीती अशी की या विश्वाला माणसाशी काही देणंघेणंच नाही. तिथे ना पुण्य कामाला येतं, ना पाप. डर्लेथ श्रद्धाळू कॅथलिक. त्याने या विश्वात सुष्ट देव आणि दुष्ट देव आणले, त्यांचं युद्ध लावलं, आणि या सगळ्याला ‘क्थुलू मिथॉस’ हे नाव दिलं. पुराव्यादाखल तो लव्हक्राफ्टचं म्हणून एक वाक्य सतत देत असे, ज्यात काळ्या जादूपायी पृथ्वीवरचा ताबा गमावलेल्या प्राचीन वंशाची गोष्ट येते. वर्षानुवर्षं ते वाक्य अभ्यासकांनीही प्रमाण मानलं. प्रत्यक्षात लव्हक्राफ्टने ते कुठेही लिहिलेलं नाही. हॅरल्ड फार्नीस नावाच्या संगीतकाराने लेखकाच्या मृत्यूनंतर डर्लेथला पाठवलेल्या पत्रात आठवणीने जे सांगितलं, ते डर्लेथने अवतरण म्हणून उचललं. १९८०च्या दशकात डेव्हिड शुल्ट्झ या अभ्यासकाने याचा माग काढला तेव्हा कुठे ते वाक्य निकालात निघालं. डर्लेथने मुद्दाम खोटेपणा केला असं मला वाटत नाही. त्याला जो लव्हक्राफ्ट हवा होता तो त्या वाक्यात भेटला, म्हणून ते तपासावंसं वाटलं नाही. मिरवण्याच्या भरात हे नेहमी होतं. तरीही डर्लेथला नावं ठेवण्याचा सोपा मोह मी टाळतो. पाच डॉलरच्या त्या न खपणाऱ्या पुस्तकापायी त्याने खिशाला चाट लावून घेतली नसती, तर शोधायला-सुधारायला मागे उरलंच किती असतं?

पुढचा माणूस मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटावा. सुनंद त्र्यंबक जोशी, जगाला माहीत असलेले एस. टी. जोशी, १९५८ साली पुण्यात जन्मले. आईवडील दोघंही विद्याव्यासंगी. वयाच्या पाचव्या वर्षी कुटुंब अमेरिकेत गेलं आणि मुलगा इंडियाना राज्यातल्या मन्सी गावात वाढला. किशोरवयात लव्हक्राफ्टचा नाद लागला आणि तो इतका की पदवीसाठी त्यांनी ब्राउन विद्यापीठच निवडलं, कारण बार्लोने दिलेले कागद तिथे होते. मग सुरू झालं एक चिवट, डोळे फोडणारं काम: आर्कम हाउसच्या छापील पानाशेजारी मासिकातला मजकूर, त्याशेजारी टंकलिखित, त्याशेजारी पेन्सिलीचं हस्तलिखित, आणि ओळीओळीने ताळा.

सापडलेल्या चुका शेकड्यांनी मोजाव्या लागल्या. ‘ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’चं उदाहरण घ्या. १९३६ मध्ये ती ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’मध्ये तीन अंकांत आली तेव्हा संपादकांनी लव्हक्राफ्टचे लांबलचक परिच्छेद फोडून टाकले, विरामचिन्हं बदलली आणि शेवटाकडचा बराच मजकूर कापला. लेखक इतका संतापला की आपल्याजवळच्या अंकांवर त्याने हाताने दुरुस्त्या केल्या. नंतरच्या आवृत्त्या या अर्धवट दुरुस्त अंकांवरून निघत राहिल्या. म्हणजे दोन पिढ्यांनी ज्या कथेवर जीव टाकला ती लेखकाने लिहिली तशी नव्हतीच. जोशींनी सिद्ध केलेल्या संहिता १९८४ ते १९८६ मध्ये तीन खंडांत आर्कम हाउसनेच छापल्या, आणि २०१५ मध्ये पाठभेदांसह आवृत्ती आली. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी जी शिस्त अनेक दशकं पाळली, तीच त्याच गावात जन्मलेल्या माणसाने फुटपाथवर विकल्या जाणाऱ्या मासिकांतल्या भयकथांसाठी वापरली. हा योगायोगच, पण गोड.

पत्रांचंही तेच. डर्लेथने निवडली होती, कापली होती. जोशी आणि शुल्ट्झ यांनी ती एकेका पत्रमित्रानुसार, समग्र, टिपा-सूचींसह काढली, एकामागून एक खंड. आणि इथे जपणाऱ्या वृत्तीने मिरवणाऱ्या वृत्तीला पेचात टाकलं.

कारण त्या पत्रांतला लव्हक्राफ्ट वंशद्वेष्टा आहे. ओझरता नव्हे, तर हिरिरीने, पानंच्या पानं भरून. कृष्णवर्णीय, ज्यू, पूर्व युरोपातून आलेले, आशियाई: न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची गर्दी त्याला किळसवाणी वाटे, आणि हे लिहिणाऱ्याने लग्न केलं होतं एका स्थलांतरित ज्यू बाईशी. १९१२च्या एका कवितेत त्याने कृष्णवर्णीयांना माणूस आणि पशू यांच्यामधला प्राणी ठरवलं. ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मला पटत नाही. त्याच्याच पत्रमित्रांत जेम्स मॉर्टन होता, जो वंशद्वेषाविरुद्ध त्याच काळात पुस्तिका लिहीत होता. लव्हक्राफ्टपुढे दुसरी बाजू नव्हती असं नाही. ती त्याच्या टपालातून घरी येत होती.

आता कल्पनारम्य साहित्यासाठीच्या ‘वर्ल्ड फँटसी’ पुरस्काराकडे वळू. १९७५ पासून त्याचं स्मृतिचिन्ह म्हणजे लव्हक्राफ्टचा अर्धपुतळा, व्यंगचित्रकार गॅहन विल्सनने घडवलेला. २०११ मध्ये तो नायजेरियन-अमेरिकन लेखिका नेडी ओकोराफोर यांना मिळाला. त्यानंतर त्यांनी ती कविता वाचली आणि आपला सर्वांत मोठा सन्मान म्हणजे याच माणसाचं डोकं, या प्रश्नाला तोंड फुटलं. २०१४ मध्ये पुतळा बदलण्यासाठी सह्यांची मोहीम झाली, २०१५ मध्ये पुतळा बंद झाल्याचं जाहीर झालं. जोशी खवळले आणि त्यांनी आपल्याला मिळालेले दोन पुरस्कार परत केले.

त्यांची तडफड मला समजते. ज्या लेखकासाठी हयात घालवली त्याला लोक एका कवितेत गुंडाळून ठेवताहेत, हे बघवत नसणार. पण त्यांचा निर्णय मला चुकीचा वाटतो. पुतळा हे लेखकाचं साहित्य नव्हे. तो दुसऱ्याच्या कपाटात ठेवायला दिलेला लेखक आहे, आणि ते कपाट कोणाचं हा प्रश्न गैरलागू कसा असेल? शिवाय समग्र कवितांच्या ज्या संग्रहात ती १९१२ची कविता आहे त्याचे संपादक खुद्द जोशीच. त्यांनी ती गाळली असती तर त्यांच्या दैवताची अब्रू थोडी वाचली असती. ती त्यांनी गाळली नाही, आणि संपादक म्हणून त्यांची थोरवी मला परत केलेल्या पुरस्कारांपेक्षा या न गाळण्यात जास्त दिसते. लव्हक्राफ्टवर झालेल्या जवळजवळ प्रत्येक आरोपाची तळटीप त्याच्या चाहत्यांनी काढलेल्या पुस्तकाकडे बोट दाखवते.

पुतळा गेल्याने लव्हक्राफ्ट कमी वाचला गेला, असंही नाही. स्वॅन पॉइंट स्मशानभूमीत कुटुंबाच्या स्तंभावर त्याचं नाव होतंच, तरी चाहत्यांनी १९७७ मध्ये वर्गणी काढून त्याच्यासाठी वेगळा दगड बसवला. तिथे आजही लोक जातात. प्रॉव्हिडन्समध्ये २०१३ पासून त्याच्या नावाने मेळावे भरतात आणि तिथल्या चर्चांत वंशद्वेषाचा विषय येतो. दोन्ही एकाच छपराखाली, आणि छप्पर काही कोसळलेलं नाही.

२०१६ मध्ये व्हिक्टर लव्हॅल या कृष्णवर्णीय लेखकाची ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’ ही लघुकादंबरी आली. लहानपणापासून तो लव्हक्राफ्टचा चाहता. त्याने ‘द हॉरर ॲट रेड हुक’ ही कथा उचलली, जिच्यात ब्रुकलिनमधल्या स्थलांतरितांची वस्ती हीच राक्षसी, आणि ती हार्लेममधल्या एका काळ्या तरुणाच्या बाजूने पुन्हा सांगितली. मूळ कथा लव्हक्राफ्टच्या कच्च्या कथांपैकी. त्याला स्वतःलाही ती फारशी जमल्यासारखी वाटत नव्हती. दर्जा पाहून निवडायचं ठरवलं तर ती पहिल्या फेरीत गळेल, सभ्यता पाहून निवडायचं ठरवलं तरी पहिल्याच. पण समग्र छापणाऱ्यांनी ती छापली, मुद्रणदोष काढून, शब्द न शब्द ताडून, आणि लव्हॅलला भांडायला ती अख्खी मिळाली.