कालव्याकाठची शांतता

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस शहरातील एका धर्मग्रामाच्या युवकसंघाचे पत्र आमच्या हाती आले. नाताळच्या सुट्टीत तीन दिवस बीड जिल्ह्यात सायकलींवरून भटकंती करण्याचा त्यांचा मनोदय होता. मागणी मोजकीच होती. रस्ता पाण्याच्या काठाने जावा, आणि त्यावर मोटारींची, ट्रकांची वर्दळ मुळीच नसावी. दुष्काळी म्हणून साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक असलेल्या जिल्ह्यात कोणी पाण्याचा काठ शोधीत येऊ पाहते, याचे आम्हांला प्रथम हसू आले. मग थोडा अभिमानही वाटला. कारण असा रस्ता आमच्याकडे आहे.

पैठणच्या नाथसागरातून निघणारा उजवा कालवा १३२ किलोमीटर वाहत गेवराईच्या मुलखातून सिंदफणा नदीवरील माजलगावच्या जलाशयाकडे येतो. कालव्याच्या भरावावर पाटबंधारे खात्याने देखरेखीसाठी राखलेली मुरमाची वाट आहे. एका हातास संथ पाणी, दुसऱ्या हातास कापूस, ज्वारी आणि ऊस. परवानगी घेतली तर त्या वाटेने सायकलीवर जाण्यासारखे सुख नाही. युरोपात जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तिन्ही देशांना स्पर्श करणाऱ्या बोडेन सरोवराभोवती सुमारे २६० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, आणि डॅन्यूब नदीकाठचा मार्ग तर जगप्रसिद्धच आहे. तो डॅन्यूबकाठचा मार्ग पुष्कळ ठिकाणी जुन्या काळच्या घोडवाटेवरून जातो. काठाने चालत घोडे प्रवाहाविरुद्ध नावा ओढीत. घोडे गेले, श्रम गेले, आणि वाट शांत झाली. हे वाचले तेव्हा आम्हांला त्यात विशेष काही वाटले नव्हते.

मुलांना पाठवण्यापूर्वी वाट आपण पाहून यावी म्हणून आम्ही डिसेंबरच्या आरंभी आमची जुनी, गिअर नसलेली सायकल घेऊन निघालो. (पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूने कालव्यावरून सायकल हाकावी हे काहींना रुचले नाही, पण ते असो.) पहिले दोन दिवस आनंदात गेले. हिवाळा हा आमच्याकडे पाहुण्या पक्ष्यांचा काळ. नाथसागरास १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केले, ते या पाहुण्यांमुळेच. हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, रोहित येतात. सायकलीच्या चाकाची कुरकुर सोडली तर दुसरा आवाज नव्हता. मोटारीतून जाणाऱ्यास प्रदेश दिसतो. सायकलीवरून जाणाऱ्यास तो ऐकूही येतो, आणि त्याचा वासही येतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही कालवा सोडून वडवणी आणि धारूरच्या अंगास, बालाघाटाच्या डोंगररांगेकडे वळलो. कालव्याचे पाणी इकडे येत नाही. पाणी चढ चढत नाही. इकडे आहेत ते लहान लहान पाझर तलाव. अशाच एका तळ्याकाठी दुपारी थांबलो. पाणी अजून भरपूर होते, बांधावर बाभळी होत्या, आणि शांतता अशी की पत्रात मागितली होती तीच जणू कोणी मांडून ठेवली होती. मुलांचा शेवटचा मुक्काम इथेच, असे आम्ही मनाशी ठरवूनही टाकले.

तळ्यापलीकडे वस्ती होती. पंधरावीस घरे असतील. त्यांतील बहुतेक घरांना कुलपे होती. एका ओसरीवर एक आजी दोन नातवंडांना घेऊन बसल्या होत्या. आम्ही पाणी मागितले. त्यांनी तांब्या दिला आणि विचारले,

"कुठं निघालाव, बाबा?"

"कुठं नाही, आजी. असंच, फिरायला."

"आमची बी समदी फिरायलाच गेलीत," त्या म्हणाल्या. "कारखान्याला."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, निदान आम्हांला तो जाणवला नाही. आम्ही तळ्याची स्तुती केली. तेव्हा त्यांनी बांधाकडे बोट दाखवून सांगितले की बहात्तरच्या दुष्काळात परकर नेसायच्या वयात आपण या बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्या, आणि सरकारने दिलेली सुकडी खाऊन दिवस काढले.

ज्यांना आमच्या जिल्ह्याची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. दसरा-दिवाळी झाली की इथून लाखोंच्या संख्येने माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, म्हणजे दोन माणसांचे मिळून नाव एका हत्याराचे. आजारपणाने एक दिवस जरी काम बुडाले तरी तो 'खाडा' धरून पैसे कापतात. पाचसहा महिने मुक्काम कोपीत, पालात. गाळपाचा हंगाम रात्र पाहत नाही आणि रविवारही पाहत नाही. खाडे पडू नयेत यासारख्या कारणांनी गर्भपिशवी काढून घेतलेल्या स्त्रियांची संख्या या जिल्ह्यात किती आहे, हे पाहण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनास समिती नेमावी लागली. पाडवा जवळ आला की माणसे परततात. तोवर ऊन तापलेले असते आणि तळी आटू लागलेली असतात.

म्हणजे पाणी भरलेले, हवा थंड, पक्षी आलेले आणि रस्ते निर्मनुष्य, असे सायकलीस सर्वांत अनुकूल जे दिवस, नेमके तेच दिवस या भूमीच्या लेकरांनी ती सोडून जाण्याचे आहेत. आम्ही ज्यास शांतता म्हणत होतो ती कोणाची तरी अनुपस्थिती होती. मग ती आस्वादण्याचा अधिकार आम्हांस पोहोचतो काय?

परतीच्या वाटेवर या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. एक उत्तर चटकन सुचते, ते असे की अशा ठिकाणी आनंद मानणे हेच पाप आहे, म्हणून जाऊच नये. आम्हांला ते पटत नाही. मुले आली नाहीत म्हणून एकही कुलूप उघडणार नाही. सृष्टीचे सौंदर्य ही परमेश्वराची देणगी आहे. ते पाहून न हरखणारे मन दुसऱ्याच्या दुःखाने हळहळेल याचीही आम्हांला खात्री वाटत नाही. शिवाय घरी बसून आपण या व्यवहाराबाहेर राहतो असे थोडेच आहे? नाताळच्या करंज्यांत आणि केकमध्ये पडणारी साखर कोणत्या तरी कोयत्याखालूनच आलेली असते. दुसरे उत्तर याच्या उलट. सुट्टी ही सुट्टी आहे, तीत असले विषय कशाला? हे उत्तर अधिक लोकप्रिय आहे आणि आमच्या मते अधिक वाईट आहे.

शब्बाथाची आज्ञा आपण पाठ म्हणतो, परंतु अनुवादाच्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात ती ज्या रीतीने दिली आहे तिकडे आपले लक्ष क्वचित जाते. तिथे विसावा केवळ घरधन्यास सांगितलेला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि दाराशी राहणारा परका, अशी ती यादी आहे. आणि कारणही दिले आहे, की दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात दास होतास. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात कामगारांच्या रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला, तोही याच धाग्याने. याचा अर्थ आम्ही असा लावतो की विश्रांती ही एकट्याची मालमत्ता म्हणून दिलेलीच नाही. ज्या विसाव्यात दासीची आठवण नाही तो आज्ञेचा अर्धाच भाग पाळतो, आणि तोही सोयीचा.

मग सायकलस्वाराने करावे तरी काय? इटलीत कोमो सरोवराच्या वरच्या डोंगरावर गिसाल्लोच्या मातेचे लहानसे मंदिर आहे. पोप बारावे पायस यांनी १९४९ मध्ये तिला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. त्याच इटलीतील जीनो बार्ताली हा सायकल शर्यतींचा विजेता दुसऱ्या महायुद्धात सराव करीत असल्याच्या मिषाने फ्लॉरेन्स आणि असिसी यांच्या दरम्यान फेऱ्या मारी. सायकलीच्या पोकळ नळ्यांत ज्यू कुटुंबांना वाचवण्यासाठी तयार केलेली खोटी ओळखपत्रे लपवलेली असत. पाहणाऱ्यास दिसे तो सुखाने सायकल हाकणारा माणूस. त्या दिवसांबद्दल तो पुढे फारसे बोलला नाही. आमच्या युवकांकडून कोणी असे शौर्य मागत नाही. पण सायकलीवरून काही नेता येते आणि काही आणताही येते, हे आम्हांला त्या गोष्टीवरून सुचले.

म्हणून आम्ही पत्राचे उत्तर लिहिले. वाट आखून दिली, कालव्याच्या परवानगीचे आम्ही पाहतो असे कळवले. शेवटचा मुक्काम तळ्याकाठी तंबूत न करता वस्तीवर करावा, आजींच्या ओसरीवर बसावे आणि तो बांध कोणी बांधला ते त्यांच्या तोंडून ऐकावे, असे सुचवले. नातवंडांसाठी वह्या आणाव्यात, पण त्या देताना छायाचित्रे काढू नयेत, हेही लिहिले. ते लिहिताना आमचा सूर किंचित कडक झाला असावा. आणि शेवटी एक विनंती केली. याच वाटेने पाडव्यानंतर पुन्हा एकदा यावे. तळे तेव्हा आटलेले असेल, पक्षी गेलेले असतील, रस्त्यावर सामानाने आणि माणसांनी लादलेले ट्रक-ट्रॅक्टर भेटतील आणि धूळ उडेल. पण घरांची दारे उघडी असतील.

मुले नाताळात येऊन गेली. वस्तीवर राहिली, आजींनी त्यांना बाजरीच्या भाकरी खाऊ घातल्या. पाडव्यानंतरच्या विनंतीबद्दल मात्र अद्याप काही ठरलेले नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्या कार्यवाहांचे पत्र आले आहे. एप्रिलमध्ये तुमच्याकडे तापमान किती असते, अशी त्यात विचारणा आहे. आम्ही खरे ते कळवले: चाळीस अंशांच्या वर.