उसनी मांडणी आणि आपलें नांव

दुसऱ्यानें सिद्ध केलेलें साधन वापरण्यांत नैतिक दोष आहे काय, असें कोणीं विचारिल्यास आपण हंसूं. मनगटावरील घड्याळ आपण घडविलेलें नसतें, म्हणून वेळ पाहण्याचा आपला अधिकार कोणी नाकारीत नाहीं. परंतु कांहीं साधनांबरोबर एक जबाबदारीहि हातीं येते, आणि ती उसनी घेतां येत नाहीं. हौशी रेडिओचालकाचा हातांत मावणारा डिजिटल संच हें त्याचें उत्तम उदाहरण होय.

साध्या संचावर कंपनसंख्या लावून कळ दाबली कीं बहुधा काम भागतें. डिजिटल संच इतका भोळा नाहीं. ‘डीएमआर’ ही पद्धतीच घ्या. तिचें मानक युरोपांत २००५ सालीं प्रसिद्ध झालें. १२.५ किलोहर्ट्‌झ रुंदीच्या एकाच वाहिनीवर ३० मिलिसेकंदांचे दोन कालखंड आळीपाळीनें येतात, व दोन संभाषणें परस्परांस न अडवितां चालतात. म्हणून कंपनसंख्येबरोबरच कालखंड, रिपीटरचा ० ते १५ पैकीं कलर कोड, ज्या टॉकग्रुपाशीं म्हणजे श्रोतृमंडळाशीं बोलावयाचें त्याचा क्रमांक आणि नोंदणीनें मिळालेला स्वतःचा सात आंकडी ओळख-क्रमांक, हें सर्व संगणकावर मांडून संचांत भरावें लागतें. या मांडणीस कोडप्लग म्हणतात. एखादा आंकडा चुकला कीं संच मुका राहतो, आणि कां, हें सांगत नाहीं. मग मित्राची तयार मांडणी जशीच्या तशी उतरवून घेण्याचा मोह नवशिक्यास झाला तर नवल नाहीं.

यांत वावगें काय, असें कोणी म्हणेल. तज्ज्ञ तरी सर्व कोठें जाणतो? आवाजाचे अंक बनविणारी त्यांतील युक्ति एका कंपनीच्या मालकीची असून बहुतेकांस ती बंद पेटीच आहे. शिवाय विद्या आरंभीं उसनीच असते. हा आक्षेप खरा आहे. पण कित्ता गिरविणें निराळें आणि दुसऱ्याची पाटी आपली म्हणून दाखविणें निराळें.

उसन्या मांडणींत मूळ मालकाचा क्रमांक तसाच राहिला, तर आपले शब्द त्याच्या नांवानें आकाशांत जातात. विस्तृत टॉकग्रुप निवडून सहज कळ दाबली, तर अनेक देशांतील रिपीटर एकाच वेळीं अडून राहतात. तेथें ‘मला ठाऊक नव्हतें’ ही सबब चालत नाहीं, कारण ठाऊक करून घेणें हाच या छंदाचा हेतु आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ-नियमांतील हौशी सेवेच्या व्याख्येंत स्वयंशिक्षण हा हेतु संभाषणाच्याहि आधीं सांगितला आहे.

या ज्ञानाची खरी कसोटी संकटांत लागते. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीनें अंदमानचें दळणवळण तोडलें, तेव्हां पोर्ट ब्लेअर येथें आलेल्या भारतीय हौशी चालकांनीं निरोप पोंचविले. त्यांचीं यंत्रें निराळीं होतीं, पण बोध तोच. रिपीटर कोसळला कीं त्याच्यासाठीं आंखलेली उसनी वाहिनी निरुपयोगी होते. दोन संचांमधील थेट वाहिनी आंखणें ज्याला येतें, तोच त्या वेळीं उपयोगी पडतो.

म्हणून मांडणी अवश्य उसनी घ्यावी. परंतु ओळ न् ओळ वाचावी, तींत आपला क्रमांक घालावा, आणि एक तरी वाहिनी कोऱ्या पानावर स्वतः आंखावी. साधन दुसऱ्याचें असलें तरी चालेल. आपल्या नांवानें जें बाहेर पडतें, त्याचा अर्थ मात्र आपणांस ठाऊक असला पाहिजे.