माझीच सही

रामनवमीला समर्थांच्या जन्मगावी, जांबला, निघालो आणि वाटेतच आमच्या सात वर्षांच्या गाडीने बाभळीला आलिंगन दिले. दुरुस्तीचा खर्च घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला. म्हणजे विम्याच्या भाषेत गाडी वारली. भरपाईचा आकडा बघून मी तावातावाने अर्ज लिहिला, "गाडी याच्या दीडपट किमतीची होती!"

सौ.ने मुकाट्याने पॉलिसी पुढे सरकवली. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत दोघांनी मिळून ठरवायची असते. हप्ता वाचावा म्हणून ती मीच खाली ओढली होती. बँकेत जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या. ही मात्र निःसंशय माझीच! मग खोटा कोण, तेव्हाचा मी की आत्ताचा? समर्थ म्हणे एका 'सावधान'ने बोहल्यावरून पळाले. आम्ही अटी न वाचताच अक्षता टाकून घेतल्या.

विमा लोकपालाकडे जायला वर्षाची मुदत असते. अर्ज खणात आहे.