आजचं वचन: मत्तय २५:४६ – ‘सार्वकालिक शिक्षा’



खरं सांगतो, हे वचन टाळून सरळ अध्याय २६ घ्यावा असं काल रात्रीपर्यंत मनात होतं. मेंढरं आणि शेरडं वेगळी केली जातात, त्या भागाचं हे शेवटचं वाक्य. एक गट सार्वकालिक शिक्षेकडे, दुसरा सार्वकालिक जीवनाकडे. माझी आजी, आईची आई, प्रभूला न मानताच गेली. त्यामुळे हे वाक्य मला कधीच शांतपणे वाचता आलं नाही.

इंजिनिअरिंगला असताना मला यावर एक ‘फिक्स’ सापडला होता. मूळ ग्रीकमध्ये शिक्षेसाठी ‘कोलासिस’ हा शब्द आहे, आणि तो झाडांच्या छाटणीसाठीही वापरला जायचा. अॅरिस्टॉटलने तर फरकच सांगून ठेवलाय: ‘तिमोरिया’ ही शिक्षा करणाऱ्याच्या समाधानासाठी, ‘कोलासिस’ ही भोगणाऱ्यासाठी. झालं! म्हणजे नरक ही छाटणी, कधीतरी संपणारी. किती हलकं वाटलं होतं तेव्हा.

मग एक दिवस आपलाच शब्द नीट पाहिला. ‘शिक्षा’. संस्कृतात शिकणं-शिकवणं, हिंदीत आजही शिक्षण. पण कोर्टाने शिक्षा सुनावली की मराठी माणूस वह्या-पुस्तकं घेऊन निघत नाही! कोलासिसचंही तसंच. मत्तयाच्या काळापर्यंत लोक तो साध्या ‘दंड’ या अर्थानेही वापरत होते. व्हेरिएबलचं नाव वाचून ते काय करतं हे ठरवू नये, ते कुठे कुठे वापरलंय ते बघावं, हे मी ज्युनिअर्सना रोज सांगतो. स्वतः मात्र इथे नावावरच गेलो होतो, कारण मला उत्तर आधीच हवं होतं.

बरं, ‘सार्वकालिक’चं काय? ग्रीक शब्द ‘आयोनिओस’, ‘आयोन’ म्हणजे युग यावरून आलेला. ऑगस्टीनचं म्हणणं, एकाच वाक्यात तोच शब्द जीवनालाही आणि शिक्षेलाही लावलाय, तर एक अनंत आणि दुसरं तात्पुरतं कसं? मुद्दा वजनदार आहे. पण रोमकरांस १६:२५-२६ उघडा. तिथे युगानुयुगं गुप्त राहिलेलं आणि आता उघड झालेलं रहस्य, म्हणजे संपलेला काळ, आणि लगेच पुढे स्वतः देव; दोघांनाही हाच शब्द.

चौथ्या शतकातले ग्रेगरी ऑफ निस्सा आणि क्रिसोस्टम, दोघेही ग्रीकमध्येच बोलणारे-लिहिणारे. ग्रेगरी म्हणतो शेवटी सगळे देवाकडे परततील. क्रिसोस्टम न संपणाऱ्या शिक्षेबद्दल प्रवचनं देतो. ग्रीक ज्यांच्या तोंडी होती त्यांचंच एकमत नाही, तिथे मी अॅपमधल्या शब्दकोशावर काय निकाल देणार?

आजीबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तिला ओळखणारा देव न्यायी आहे, एवढ्यावर मी झोपतो. कधी कधी नाही झोपत.

पण काल पूर्ण भाग पुन्हा वाचताना एक गोष्ट दिसली. दोन्ही गट राजाला एकच विचारतात: प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? मेंढरांनीही त्याला ओळखलं नव्हतं. भुकेला, परका, आजारी, तुरुंगातला, चौकशी फक्त यांची होते. मी मात्र इतकी वर्षं शेवटच्या वाक्यातले दोन शब्द खोदत बसलो होतो.

आमच्या सोसायटीच्या गेटवरचे काका चार दिवस तापाने घरी आहेत. त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. आज सेक्रेटरींकडून घेतो.