चांगला कारभार आणि रयतेचा शब्द

तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांचे पुत्र शिवाजीराजे 1855 मध्ये निपुत्रिक वारले आणि ईस्ट इंडिया कंपनीने तंजावरची गादी संपुष्टात आणली. राज्याचा कारभार त्याआधीच, 1799 मध्ये, कंपनीकडे गेला होता. आता राजांची खाजगी मालमत्ताही जप्त झाली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि तिथे त्या जिंकल्या. पण 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. राजसत्ता म्हणून सरकारने केलेली कृती कोणत्याही न्यायालयाला तपासता येत नाही, असं त्या निवाड्याचं सार. म्हणजे अन्याय झाला असला, तरी तो मांडायला जागाच नव्हती.

सत्तेला जाब विचारायची जागा कुठे असावी, हा प्रश्न तंजावरकडच्या मराठी माणसांच्या वाट्याला पुढे फार वेगळ्या अंगाने आला. माधवरावांचं आयुष्य त्या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. जन्म 1828 चा, कुंभकोणमचा. टी. माधवराव या नावातला ‘टी’ तंजावरचा. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव दोघेही त्रावणकोरचे दिवाण झालेले. माधवराव 1849 मध्ये तिथल्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून गेले आणि तिशीच्या आत दिवाण झाले. तंबाखूचा सरकारी मक्ता त्यांनी मोडला, व्यापार मोकळा केला, खजिना सावरला. ब्रिटिश खासदार हेन्री फॉसेट यांनी त्यांना फ्रान्सचा अर्थमंत्री तुर्गो याच्या पंक्तीत बसवलं.

त्यांची धारणा सरळ होती. राज्य राजाच्या लहरीवर नव्हे, नियमावर चालावं. पुढे ते बडोद्याचे दिवाण झाले; 1881 मध्ये तिथल्या तरुण सयाजीराव महाराजांना त्यांनी राज्यकारभारावर व्याख्यानं दिली, त्यांतही हाच आग्रह होता: प्रजेचं सुख हे राज्याचं प्रयोजन आणि राजाच्या इच्छेला मर्यादा. संस्थानी राजाच्या तोंडावर हे सांगायला धाडस लागतं. माधवरावांबद्दल मला मनापासून आदर आहे तो यासाठी.

तरीही या धारणेत एक पोकळी होती. ती दिसते 1859 मध्येच, त्यांच्या त्रावणकोरच्या दिवाणगिरीत. दक्षिण त्रावणकोरात शाणार, म्हणजे नाडार, स्त्रियांना वरचं अंग झाकायची बंदी होती. स्त्रिया झाकून बाहेर पडू लागल्या, तेव्हा त्यांची वस्त्रं फाडली गेली, दंगे झाले. अखेर जुलैमध्ये महाराजांचा जाहीरनामा निघाला. अंग झाकायला परवानगी मिळाली, पण उच्चवर्णीय स्त्रियांसारखी वस्त्रं नेसायची नाहीत, या अटीवर. कापड जाडंभरडं चालेल, नेसण्याची तऱ्हा कोळणींची चालेल. इतक्या बारकाईने लिहिलेल्या त्या नियमात, ज्यांच्या अंगावरच्या कापडाचा निवाडा होत होता त्यांना विचारायची सोय कुठेच नव्हती. नियमाचं राज्य होतं. नियम ठरवणारे मात्र ठरलेलेच होते.

ही पोकळी भरायची मागणी काँग्रेसने 1885 पासून लावून धरली: कायदे कौन्सिलांत निवडून आलेले सभासद हवेत. 1887 मध्ये काँग्रेस मद्रासला भरली, तेव्हा स्वागताध्यक्ष होते माधवराव. बदरुद्दीन तय्यबजी अध्यक्ष. त्याच अधिवेशनात तंजावरचे कारागीर मूक्कन आसारी तमिळमध्ये बोलले. एकाच मांडवात तंजावरकडची दोन माणसं, एक निवृत्त दिवाण आणि एक हातकामावर पोट भरणारा. माझ्या मते त्या अधिवेशनाचं खरं नवेपण इथे होतं. पुढच्या वर्षी व्हाइसरॉय डफरिन यांनी माधवरावांना कौन्सिलात बोलावलं, त्यांनी प्रकृतीचं कारण देऊन नकार दिला. 1889 मध्ये मतभेद होऊन काँग्रेसच्या समितीतूनही ते बाहेर पडले.

तिकडे त्रावणकोरात 1888 मध्ये कायदे कौन्सिल स्थापन झालं. भारतीय संस्थानांतलं ते पहिलं. सभासद आठ, त्यांतले बिगरसरकारी दोनच, आणि अध्यक्ष दिवाण टी. रामराव, तेही तंजावरकडचेच मराठी. सगळे नेमलेले. एवढ्याशा कौन्सिलाला विधिमंडळ म्हणणं आज जड जातं, पण कायद्याच्या मसुद्यावर बोलायला एक खोली तरी मिळाली होती.

मग जानेवारी 1891 मध्ये महाराज मूलम तिरुनाळ यांच्यापुढे दहा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज आला. मल्याळी मेमोरियल. सरकारी नोकऱ्या बाहेरून आलेल्या ब्राह्मणांच्या हाती का, आम्हाला का नाहीत, अशी ती तक्रार होती. तिचा रोख तंजावरहून गेलेल्या घराण्यांवरही होता. हे वाचताना आपल्या माणसांची बाजू घ्यावीशी वाटते. पण तक्रार रास्त होती. शहाणे दिवाण बाहेरून आणता येतात; प्रतिनिधी तिथलाच लागतो. त्याच एप्रिलमध्ये माधवराव मैलापूरला वारले.

1904 मध्ये त्रावणकोरात श्रीमूलम प्रजासभा सुरू झाली. तिच्यावर पुलय समाजाचे नेते अय्यनकाळी यांची नेमणूक झाली आणि 1912 मध्ये, ज्यांना देवळाजवळच्या रस्त्यावरून चालायचीही मनाई होती त्या पुलयांच्या वतीने, त्यांनी दिवाणासमोर उभं राहून सरकारकडे जमीन मागितली.