पाहणारा आणि पाहुणा

"लेह-लडाख केलें," "स्पिति तेवढें करावयाचें राहिलें आहे," असे उद्गार उन्हाळ्याच्या सुटीनंतर आपल्या सुशिक्षित घरांतून सर्रास ऐकूं येतात. 'करणें' या क्रियापदाचा हा उपयोग नवा नाहीं. आपले आजे-पणजेही 'काशी केली' असेंच म्हणत. परंतु काशी करणाऱ्याच्या मनांत आपण तेथें कांहीं विधि केला, कांहीं सोडलें, पितरांचें कांहीं ऋण फेडलें, असा अर्थ असे. आठ दिवसांत दहा बौद्ध मठ 'करणाऱ्या'च्या मनांत यादी पुरी झाल्याचें समाधान असतें. क्रियापद एकच, पण कर्म निराळें. या भेदांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे : परक्यांच्या पूजास्थानांत केवळ पाहण्यासाठीं जाण्याचा आपणांस अधिकार आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या अटीवर ?

पाहिल्यानें कोणाचें काय जातें, असें उत्तर पुष्कळजण देतील. हिमालयापलीकडच्या खोऱ्यांत तें टिकत नाहीं. स्पितींतील ताबो हा मठ इ. स. ९९६ सालीं गुगे राज्याच्या येशे-ओ या राजपुरुषाच्या आश्रयानें स्थापन झाला. दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, मातीच्या जाड भिंतींआड, मातीच्याच मूर्ति आणि मातीच्या गिलाव्यावर काढलेलीं चित्रें तेथें शतकानुशतकें राहिलीं आहेत. कोरडी हवा आणि विरळ वस्ती हीं त्यांचीं खरीं रक्षक. अशा काळोख्या देवघरांत दाटीनें माणसें शिरूं लागलीं कीं, त्यांच्या श्वासाची वाफ, पायांची धूळ आणि कुतूहलानें फिरणारीं बोटें यांचा हिशेब त्या भिंतींनाच चुकवावा लागतो.

भिंतींबाहेरही तोच प्रकार. लेह येथें वर्षाकांठीं पाऊस पडतो तो जेमतेम चार इंच. वितळलेल्या बर्फाचें पाणी पाटांनीं आणून 'चुरपोन' नांवाच्या गांवच्या माणसाच्या देखरेखीखालीं पाळीपाळीनें वाटून घ्यावें, आणि कोरड्या शौचकूपांतील सोनखत शेताला द्यावें, ही तेथील जुनी व्यवस्था. १९७४ सालीं लडाख प्रवाशांना खुलें झालें. आणि पुढें हॉटेलांतील स्नानगृहांसाठीं विंधनविहिरी खणल्या जाऊं लागल्या. आम्हीं मठ पाहिला, एवढेंच आम्हांस वाटतें. वस्तुतः आम्हीं कोणाची तरी पाण्याची पाळी घेतलेली असते.

मग हीं दारें बंदच करावींत काय ? हा निष्कर्षही उतावळेपणाचा होईल. हे मठ कधींच जगापासून तुटलेले नव्हते. ज्या रिंचेन झांगपो (९५८–१०५५) या महान् भाषांतरकाराचें नांव या खोऱ्यांतील कितीतरी मठांशीं जोडलेलें आहे, तो स्वतः विद्येसाठीं काश्मीरांत गेला आणि तेथील कारागीर घेऊन परतला. सिंधूकांठच्या अलचीच्या तीन मजली मंदिरांतील चित्रांवर काश्मिरी कलेची छाप स्पष्ट दिसते. म्हणजे आज ज्याला आपण त्या भूमीचें निजरूप समजतों, तें घडविण्यांत परक्या हातांचा मोठा वाटा आहे. शिवाय भिक्षुसंघ हा मुळापासून दुसऱ्याच्या दानावर जगणारा. आलेल्या परक्याचें स्वागत करणें ही त्याची केवळ रीत नव्हे, ती त्याची गरजही आहे. तेव्हां प्रश्न 'परका' असण्याचा नाहीं. तो परका तेथें कसा वागतो याचा आहे.

येथें तीन परक्यांचीं उदाहरणें विचारांत घेऊं. पहिला चोमा द कोरोश हा हंगेरियन विद्वान्. आपल्या लोकांचें मूळ आशियांत सांपडेल या आशेनें तो निघाला. तें त्याला सांपडलें नाहीं. परंतु १८२३ सालीं झांस्कारमधील झांग्ला येथें तो एका लामाचा शिष्य होऊन बसला, आणि त्या कडक थंडींतील अभ्यासाचें फळ म्हणून १८३४ सालीं कलकत्त्यास त्याचे तिबेटी भाषेचे कोश व व्याकरण प्रसिद्ध झाले. १८४२ सालीं दार्जिलिंग येथें त्याचा अंत झाला. तो स्वतःचें कांहीं शोधण्यास गेला आणि यजमानाजवळ जें होतें तें शिकून आला.

दुसरें उदाहरण आपल्याच भाषेंतलें. गोव्यांत जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीनें घरदार सोडून निघाले, आणि त्या देशीं बौद्ध धर्म जिवंत आहे असें समजून १९०२ सालीं नेपाळांत पोंचले. तेथील धर्माचें स्वरूप पाहून त्यांची निराशा झाली, व त्यांनीं पुढें सिंहलद्वीपाची वाट धरली. पोथींतील बुद्ध शोधणाऱ्याला लोकांतला बुद्ध भेटला, आणि दोहोंचा मेळ बसेना. कोसंब्यांची निराशा साधकाची होती. तिच्यासाठीं त्यांनीं सर्वस्व पणाला लावलें होतें. आपली निराशा स्वस्त असते. तरुण लामाच्या हातांत मोबाइल दिसतांच आपला विरस होतो; जणूं त्यानें आपल्या शांतीसाठीं जुन्या काळांतच राहावयाचा करार केला होता ! आपण सर्व सुखसोयी घेऊन जावें आणि त्यानें मात्र चित्रांत राहावें, ही अपेक्षा प्रेमाची नसून मालकीची आहे.

तिसरा परका इटालियन पंडित जुझेप्पे तुच्ची. १९३३ सालीं तो स्पिति व पश्चिम तिबेट या भागांत हिंडला; तेथील मंदिरांचें वर्णन व छायाचित्रें यांचा मोठा संग्रह त्यानें केला. अनेक पोथ्या आणि वस्तूही त्यानें इटलीस नेल्या. पुढें १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळांत पश्चिम तिबेटांतील कितीएक मूर्तींचा चुराडा झाला, आणि आज त्यांचें रूप जाणण्यास तींच छायाचित्रें उपयोगी पडतात. मग नेणारा चोर कीं रक्षक ? माझें मत असें कीं, टिपून ठेवणें आणि उचलून नेणें हीं दोन कर्में वेगळीं धरावींत. पहिल्यानें यजमानाचें कांहीं उणें झालें नाहीं. दुसऱ्याचें समर्थन पुढें ओढवलेल्या अनर्थावरून करणें म्हणजे शेजाऱ्याचें घर पुढें जळालें, म्हणून त्याची भांडीं आधींच उचलणें योग्य होतें, असें म्हणण्यासारखें आहे. योगायोगानें झालेलें रक्षण हें पुण्य खरें. पण तें हक्काचा आधार होऊं शकत नाहीं.

यावर एक सूक्ष्म आक्षेप संभवतो. बौद्ध मतानें सर्व घडलेलें अनित्य आहे. भिक्षु दिवसचे दिवस खपून रंगीत वाळूचें मंडल घालतात आणि विधि संपतांच तें स्वहस्तें पुसून टाकतात. ज्यांचा धर्मच असा, त्यांच्या भिंतींचे पापुद्रे निघाले तर आपण कां हळहळावें ? हा आक्षेप चतुर आहे, खरा नाहीं. जें आपलें आहे तेंच सोडतां येतें. दुसऱ्याचें सुटलें तर त्याला त्याग म्हणत नाहींत. भक्ताच्या दिव्यानें चित्रावर काजळी धरली, तर ती त्याच्या पूजेची खूण. माझ्या हलगर्जीपणानें तेंच चित्र बिघडलें, तर ती केवळ नासधूस. अनित्यतेचा दाखला मंडल घालणाऱ्यानें द्यावा, तें तुडविणाऱ्यानें नव्हे. आणि काय राखावें, काय वापरावें, हें ठरविण्यास यजमान असमर्थ असतो असेंही नाहीं. १९७५ च्या भूकंपानें ताबोला तडाखा बसल्यावर तेथें जुन्या मंदिराजवळ नवें सभागृह उभें राहिलें. जुन्याची जपणूक आणि चालू पूजा यांची सांगड घालण्याचा हा मार्ग मठानेंच स्वीकारला.

अतिथीला देव मानावें असें आपलें शास्त्र यजमानाला बजावतें. अतिथीनें स्वतःला काय मानावें, हें तितक्या आग्रहानें कोणी सांगितलेलें नाहीं. आणि यजमानाचा उपदेश ऐकून आपण अतिथि असल्याचा अभिमानच आपणांस अधिक चढतो. आजच्या प्रवासाच्या युगांत हा उणा भाग भरून काढणें अगत्याचें आहे. पाहुण्याचा धर्म फार अवघड नाहीं. दहा मठांऐवजीं दोन पाहावेत, पण तेथें सकाळचा पाठ संपेपर्यंत निमूट बसावें. छायाचित्रास नकार मिळाला तर तो अपमान समजूं नये. बादलीभर पाण्यांत भागवावें. दानपेटींत टाकलेल्या पैशानें आपण कांहीं विकत घेतलें, असें मनांत आणूं नये. आणि जें दार उघडलें नाहीं, तें न उघडण्याचाही यजमानाला अधिकार आहे, हें मनापासून मान्य करावें.

तेव्हां अधिकार आहे काय, या प्रश्नाचें उत्तर असें कीं, तो आपल्या कुतूहलानें किंवा पैशानें मिळत नाहीं. यजमान देईल तेवढाच तो असतो. केवळ पाहणाऱ्याला तो कमी वाटेल. पाहुण्याला तेवढा पुरतो.