मेखांची नावे

पास्खाचा सण आटोपला की वसईच्या वाड्यांतून लग्नाचे मांडव उभे राहू लागतात. एके काळी हे काम शेजाऱ्यांचे होते. बांबू आणि नारळीच्या झावळ्या वाडीतच मिळत. आता लोखंडी पाइप, ताडपत्री, कनाती, सतरंज्या, टोप असे सारे भाड्याने येते आणि त्याची नोंद मंडपवाल्याच्या वहीत होते.

अशी एक वही काही वर्षांपूर्वी आमच्या हाती आली. निमित्त क्लेशदायक होते. मे अखेरीस वळवाचा पाऊस झाला, एका विधवेच्या दारातील मांडव गळू लागला आणि पंगत भिजली. मालकाने आमच्यापुढे वही ठेवली. गोदामात ताडपत्री ४०. बाईने ८ मागितल्या, ८ दिल्या, ८ परत आल्या. यात खोटे ते काय? हिशेब बिनचूक होता. परंतु त्या चाळिसांतील काही ताडपत्र्या विरलेल्या होत्या हे मालकाला ठाऊक होते, गड्यांनाही ठाऊक होते. आणि त्या कोणाच्या दारी जायच्या हेही न बोलता ठरलेले होते. वहीत मात्र चांगलीचे आणि विरलेलीचे नाव एकच. असत्य बोलण्यातच असते असे नाही. मोघम नावाच्या आडही ते सुखाने नांदू शकते.

पवित्र शास्त्रातील निवासमंडप हाही एक तंबूच होता. त्याच्या ४८ फळ्या, १०० चांदीच्या बैठका, प्रत्येक पडद्याची लांबी-रुंदी निर्गमच्या पुस्तकात नोंदलेली आहे. वाचकाला हे अध्याय कंटाळवाणे वाटतात. आम्हांसही सेमिनरीत वाटत. पण गणनाच्या ४ थ्या अध्यायात एक बारकावा आहे. मरारी कुळाकडे फळ्या, खांब, मेखा आणि तणावे वाहण्याचे काम होते, आणि वाहावयाची प्रत्येक वस्तू त्यांना नावानिशी नेमून द्यावी अशी आज्ञा आहे. कराराच्या कोशाची गोष्ट वेगळी. येथे मेखेचीही नावानिशी नेमणूक होते. ज्या वस्तूला नाव आहे, तिच्याबद्दल कोणाला तरी विचारता येते.

हे आम्ही त्या मालकाला सांगितले. त्याने मनावर घेतले. पुढच्या हंगामापूर्वी प्रत्येक ताडपत्रीवर रंगाने क्रमांक पडला, विरलेल्या वेगळ्या निघाल्या, पाइप लांबीप्रमाणे लागले आणि प्रत्येक नगापुढे तो उतरवून घेणाऱ्या गड्याचे नाव आले. आम्हांस समाधान वाटले. ते फार टिकले नाही. काही क्लॅम्प हरवले आणि वहीत ज्याचे नाव होते त्या गड्याची मजुरी कापली गेली. मध्यरात्री, दिवे विझल्यावर, त्याने एकट्याने सारा मांडव उतरवला होता. आमच्याच उपदेशाचे हे फळ!

तेव्हा आम्ही गणना पुन्हा उघडले आणि ७ वा अध्याय वाचला. पडदे वाहणाऱ्या गेर्षोन कुळाला मोशेने २ गाड्या आणि ४ बैल दिले. मरारींचे ओझे जड, म्हणून त्यांना ४ गाड्या आणि ८ बैल. ज्याच्या नावावर ओझे लिहिले, त्याला ते पेलण्याचे साधनही दिले होते. पहिल्या भेटीत आम्ही मालकाला अर्धीच गोष्ट सांगितली होती.

उरलेली सांगण्यास आम्ही गेलो. त्याने ऐकून घेतले, रात्रीच्या कामाला दोन गडी आणि बॅटरी देण्याचे कबूल केले. कापलेली मजुरी त्याने परत केली की नाही, हे आम्ही विचारले नाही. विचारावयास हवे होते.